शिवणयंत्र दिलं, शांतता मोजली का?

जुन्नर-आंबेगावात राहून संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एक विषय हमखास सुचवला जातो: ‘महिलांचे व्यावसायिक प्रशिक्षण आणि सक्षमीकरण’. विषय हाताशी आहे. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, कुठेही जा, शिवणक्लास सापडतो, बचत गट सापडतो, प्रश्नावली भरून द्यायला बायका सहसा नाही म्हणत नाहीत. शंभर प्रश्नावल्या भरायच्या, टक्केवारी काढायची, पाय-चार्ट लावायचा आणि शेवटच्या प्रकरणात लिहायचं की ‘प्रशिक्षणामुळे महिलांचे सक्षमीकरण झाल्याचे दिसून येते’.

दिसून येतं, पण नेमकं कशावरून? निष्कर्ष खरा असेलही. पण तो त्या टक्केवारीतून निघतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक तोच विचारतात.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर त्याचं सगळ्यात अवघड रूप घेऊ या. युद्धातून बाहेर पडलेला देश, चर्चच्या आधाराने चाललेलं शांततेचं काम आणि त्यातच बायकांसाठी शिवणकामाचं प्रशिक्षण. देश आहे युगांडा, त्याचा उत्तर भाग. तिथे झालेला एक गाजलेला अभ्यास आपण तपासू, आणि मग परत पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला येऊ. कारण यातला एक पेच आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

आधी पार्श्वभूमी

उत्तर युगांडात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २००६ पर्यंत जोसेफ कोनीच्या ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ आणि सरकारी फौजा यांच्यात लढाई चालू होती. या बंडखोरांनी हजारो मुलंमुली पळवून नेली. मुलांच्या हातात बंदुका दिल्या, मुलींना कमांडरांच्या ‘बायका’ केलं. गावं ओस पडली. सगळ्यात वाईट काळात सुमारे १८ लाख लोक छावण्यांत राहत होते. पुणे जिल्ह्यातले पाच-सहा तालुके रिकामे करून सगळ्यांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, अशी कल्पना करून बघा.

या काळात धर्मसंस्थांनी दोन वेगळ्या प्रकारची कामं केली. वाचताना ती वेगळीच ठेवायची, कारण अहवालांत ती हमखास एकत्र येतात.

पहिलं काम मध्यस्थीचं. कॅथलिक, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स आणि मुस्लिम धर्मगुरूंनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘अचोली रिलिजस लीडर्स पीस इनिशिएटिव्ह’ उभी केली. कॅथलिक आर्चबिशप जॉन बाप्टिस्ट ओडामा हे तिचं सर्वांत परिचित नाव. बंडखोरांशी बोलणी व्हावीत आणि शस्त्र टाकून परतणाऱ्यांना माफी मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. २००० साली युगांडात माफीचा कायदा झाला, त्यामागे या गटाचाही रेटा होता.

दुसरं काम परतलेल्या मुलींचं. गुलू शहरात कॅथलिक नन्सची सेंट मोनिका ही मुलींची शिवणकाम शाळा होती. सिस्टर रोजमेरी न्यिरुम्बे तिथे प्रमुख झाल्या आणि त्यांनी बंडखोरांच्या तावडीतून सुटून आलेल्या मुलींना दार उघडलं. यातल्या कितीतरी मुलींच्या कडेवर मूल होतं, आणि ते मूल शत्रूचं म्हणून घरचेही दोघांना आत घ्यायला तयार नव्हते. शाळेनं आईला वर्गात आणि मुलाला पाळणाघरात जागा दिली. सिस्टर रोजमेरींचं काम जगभर पोचलं. २००७ मध्ये सीएनएनने त्यांची दखल घेतली, २०१४ मध्ये ‘टाइम’च्या शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत त्या आल्या. ‘सोइंग होप’ या नावाने त्यांच्यावर पुस्तक आणि माहितीपट निघाला.

त्या नावाचा सरळ अर्थ, आशा शिवणं. ऐकायला छान वाटतं. संशोधकाने मात्र इथेच थांबून विचारायचं असतं की यातलं शिवणयंत्राने काय केलं आणि बाकीच्या गोष्टींनी काय.

तीन प्रश्न, तीन वेगळे पुरावे

प्रशिक्षणाच्या कोणत्याही अहवालात साधारण तीन दावे एकमेकांत मिसळलेले असतात. एक, बाई काम शिकली. दोन, तिची कमाई वाढली. तीन, तिच्या घरात किंवा गावात ताण, मारहाण, वैर कमी झालं. पहिल्या दाव्यासाठी हजेरीपट आणि प्रमाणपत्र पुरतं. दुसऱ्यासाठी उत्पन्नाचा हिशोब लागतो. तिसऱ्यासाठी अगदी वेगळी माहिती लागते. पण अहवालात पुरावा पहिल्याचा असतो आणि निष्कर्ष तिसऱ्याचा.

आपल्याच भागातलं एक उदाहरण घ्या, विषय वेगळा असला तरी. जुन्नर वन विभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या पट्ट्यात, २००१ पासून बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडण्याचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. ‘किती बिबटे पकडले’ हा आकडा बघितला तर कार्यक्रम यशस्वी. विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’त दुसरा आकडा मांडला: माणसांवरचे हल्ले. १९९३ ते २००१ या काळात ते वर्षाला सरासरी ४ होते. बिबटे हलवायला लागल्यानंतर ते सरासरी १७ झाले. हेतू चांगला, काम जोरात आणि परिणाम उलटा. पिंजऱ्यांची संख्या हे केलेलं काम झालं, आणि हल्ल्यांची संख्या हा त्या कामाचा परिणाम. शिवणयंत्रांची संख्या पिंजऱ्यांच्या रकान्यात बसते, हे लक्षात ठेवा.

‘आधी आणि नंतर’ का पुरत नाही

समजा, तुम्ही २००६ साली उत्तर युगांडात शंभर बायकांना शिवणकाम शिकवलं आणि २००९ मध्ये पुन्हा भेटलात. सगळ्यांची कमाई वाढलेली, चेहऱ्यावर तेज आलेलं, भांडणं कमी. प्रशिक्षणाचा विजय?

पण त्याच तीन वर्षांत बंदुका थांबल्या होत्या. लोक छावण्यांतून गावी परतत होते, पडीक जमिनीत पुन्हा नांगर फिरत होता, बाजार भरायला लागले होते. प्रशिक्षण न घेतलेल्या बाईचीही कमाई वाढली असणार. तुमच्या यशातला किती भाग युद्ध थांबण्याचा आणि किती शिवणयंत्राचा? ‘आधी-नंतर’च्या तक्त्यातून हे कधीच कळणार नाही.

मी मूळची विज्ञान शाखेची. प्रयोगशाळेत ‘कंट्रोल’ नसेल तर तो डेटा कुणी बघतही नाही. समाजाच्या अभ्यासात मात्र कंट्रोलशिवायचे निष्कर्ष आपण किती सहज मान्य करतो!

दुसरी अडचण निवडीची. गुलूच्या शाळेपर्यंत कोण पोचलं? ज्या मुली जिवंत सुटल्या, ज्यांना शाळेची माहिती मिळाली आणि ज्यांची तिथवर यायची हिंमत होती, त्या. अनेक जणी कुठल्याही संस्थेत न जाता थेट घरी परतल्या. त्यांचं कसं चाललंय, हे शाळेच्या रजिस्टरमधून कळत नाही. आणि ज्या मधूनच शाळा सोडून गेल्या, त्यांचा फोटो कोणत्याच अहवालात छापला जात नाही.

विंग्ज: एक चांगला पेपर, त्याच्या मर्यादांसकट

आता आजच्या मुख्य पेपरकडे. क्रिस्टोफर ब्लॅटमन, एरिक ग्रीन, ज्युलियन जेमिसन, क्रिस्टियन लेहमन आणि जीनी अ‍ॅनन यांचा हा अभ्यास २०१६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल: अप्लाइड इकॉनॉमिक्स’मध्ये आला. कार्यक्रमाचं नाव विंग्ज. तो राबवला ‘अ‍ॅव्हसी’ या इटालियन संस्थेने. ही संस्था कॅथलिक समाजविचारातून उभी राहिलेली, म्हणून आपल्या विषयाला जवळची.

रचना बघा. उत्तर युगांडातली १२० गावं. प्रत्येक गावातून अत्यंत गरीब अशी साधारण १५ माणसं, एकूण १,८००. त्यातल्या ८६ टक्के बायका. लॉटरीने निम्म्या गावांत कार्यक्रम आधी, उरलेल्या गावांत तो २० महिन्यांनी. म्हणजे कुणाला कायमचं वगळलं नाही, पण मधल्या काळात तुलनेसाठी गट मिळाला. प्रत्येकीला सुमारे १५० डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण ७,००० रुपये, पाच दिवसांचं धंद्याचं प्रशिक्षण आणि नंतर कार्यकर्त्याच्या अधूनमधून भेटी.

१६ महिन्यांनी काय दिसलं? छोटा धंदा असणाऱ्यांचं प्रमाण आणि उत्पन्न, दोन्ही तुलना गटाच्या साधारण दुप्पट. धंदे बहुतेक किरकोळ विक्रीचे. एवढ्या थोड्या पैशांत एवढी वाढ ही मोठी गोष्ट आहे, आणि ती लॉटरीने ठरलेल्या तुलनेतून आलेली असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवता येतो. वरचे पहिले दोन प्रश्न इथे पक्के सुटतात.

तिसऱ्या प्रश्नासाठी याच कार्यक्रमावरचा दुसरा पेपर वाचावा लागतो. तो ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘सोशल सायन्स अँड मेडिसिन’मध्ये लिहिला. प्रश्न असा की बाईची कमाई वाढल्यावर नवऱ्याची मारहाण कमी झाली का? उत्तर: लक्षात येण्याजोगा फरक नाही. उलट, बायकोवर नजर ठेवणं, कुठे जातेस, पैसे कुठे गेले असं विचारून तिला बांधून ठेवणं, हे थोडं वाढलेलं दिसलं. पुढच्या टप्प्यात काही ठिकाणी नवऱ्यांनाही प्रशिक्षणात सामील करून घेतलं. त्याने जोडप्याचं आपसातलं बोलणं-वागणं काहीसं सुधारलं, पण मारहाण ठामपणे कमी झाली असं म्हणण्याइतका फरक तिथेही आला नाही.

माझ्या मते या दोन पेपरांतून शिकायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. ज्यांनी फक्त पहिला वाचला, ते म्हणतील ‘महिला सक्षम झाल्या’. ज्यांनी दोन्ही वाचले, ते म्हणतील ‘महिलांकडे पैसे आले, घरातली सत्ता मात्र फारशी हलली नाही’. डेटा त्याच कार्यक्रमाचा. फरक एवढाच की दुसऱ्या गटाने विचारलेला प्रश्न पहिल्याने विचारलाच नाही.

आता पेपरच्या मर्यादा. चिकित्सा म्हणजे नुसतं कौतुक नव्हे, आणि नुसते दोष काढणंही नव्हे.

पहिली मर्यादा, इथे ‘व्यावसायिक प्रशिक्षण’ म्हणावं तसं नाहीच. पाच दिवस धंद्याचे धडे आणि रोख रक्कम, असं हे मिश्रण आहे. शिवणकाम, सुतारकाम, बेकरी असं हातचं कौशल्य महिनोन् महिने शिकवणाऱ्या केंद्रांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपले विद्यार्थी सिनॉप्सिसमध्ये ‘युगांडात प्रशिक्षणाने उत्पन्न दुप्पट झाले’ असं लिहितात, तेव्हा त्यातली रोख रक्कम गुपचूप गायब झालेली असते.

दुसरी, निवड गावातल्या अतिगरिबांची होती. पळवून नेलेल्या आणि मूल घेऊन परतलेल्या मुलींची वसतिगृहासारखी सोय करणारी संस्था हे वेगळंच जग आहे. विंग्जवरून सेंट मोनिकाला नापास करता येणार नाही, आणि पासही करता येणार नाही.

तिसरी जरा सूक्ष्म आहे. कार्यकर्त्यांच्या भेटींवर कार्यक्रमाचा साधारण निम्मा खर्च झाला. या भेटींनी धंदे टिकायला मदत झाली, पण घरातला खर्च, म्हणजे राहणीमान, वाढलं नाही. हिशोबी माणूस म्हणेल, भेटी कमी करा, तेवढ्यात जास्त बायकांना पैसे द्या. तर्क बरोबर आहे. पण जिच्या दारात पाच वर्षं कुणी आलेलं नाही, तिच्यासाठी दर महिन्याला कुणीतरी येऊन बसणं याचं मोल राहणीमानाच्या रकान्यात पकडता येईल का? मी असं म्हणत नाही की ते मोल नक्कीच मोठं आहे. मी म्हणते, ते वेगळं मोजायला हवं.

चौथी मर्यादा काळाची. १६ महिने थोडे आहेत. युगांडातच २००८ साली सुरू झालेल्या दुसऱ्या एका सरकारी योजनेत तरुणांच्या गटांना कौशल्य आणि अवजारांसाठी अनुदान मिळालं. चार वर्षांनी त्यांची कमाई तुलना गटापेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी दोन्ही गट कमाईत जवळपास सारखे झाले, कारण मागे राहिलेल्यांनीही वाट शोधली होती. याच योजनेच्या चार वर्षांच्या पाहणीत सामाजिक सलोखा किंवा आक्रमक वागणूक यांत फरक दिसला नाही. म्हणजे कमाई वाढली की माणूस आपोआप शांत होतो, हे गृहीतकच डळमळीत आहे.

एकत्र बांधलेलं गाठोडं, आणि केडगाव

समजा सेंट मोनिकातल्या मुली खरोखरच सावरल्या. कशामुळे? डोक्यावर छप्पर, मुलासाठी पाळणाघर, कुणी ‘बंडखोराची बायको’ म्हणून हिणवत नाही अशी जागा, प्रार्थना, सोबतच्या मैत्रिणी आणि शिवणयंत्र. हे सगळं एका गाठोड्यात मिळालं. त्यातून एक धागा ओढून ‘याच्यामुळे’ म्हणणं हा अंदाज आहे, निष्कर्ष नाही.

हे गाठोडं सोडवायचं कसं, याचा एक नमुना अफगाणिस्तानातल्या कंदाहारचा. लायल, झोउ आणि इमाई यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,५९७ तरुणांचे चार गट केले: फक्त प्रशिक्षण, फक्त रोख रक्कम, दोन्ही, आणि काहीच नाही. नुसत्या प्रशिक्षणाने सरकारबद्दलचं मत बदललं नाही. नुसत्या पैशाने थोडे दिवस बदललं आणि मग उलटलं. दोन्ही एकत्र मिळालेल्यांमध्ये बदल काही महिने टिकला. म्हणजे घटक वेगळे करून पाहिल्यावरच कळलं की परिणाम एकट्या घटकाचा नव्हता, जोडीचा होता.

गाठोड्यात धर्म असला की हा प्रश्न तापतो. आपल्याकडे तो कसा तापला होता ते बघा. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, आणि संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असं ठरलेलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. काही मुली त्यांच्या प्रार्थनेकडे ओढल्या जाताहेत यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे विधवांना शिकवून पायावर उभं करणारी संस्था स्वतःच संघर्षाचं कारण बनली.

भांडण संशोधनाच्या भाषेत मांडलं तर असं होतं: या गाठोड्यातून शिक्षण घेऊन धर्म बाहेर ठेवता येतो का? बाहेर पडलेल्यांचं म्हणणं, ठेवायलाच हवा. रमाबाईंचं म्हणणं साधारण असं, की मी कुणावर लादत नाही, पण माझं दार बंद करून प्रार्थना करणार नाही. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती, की धर्म हा त्या कामातला खराखुरा घटक आहे, सजावट नाही.

नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य भारतातून उपाशी मुली आणि बायका केडगावला आणल्या, १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या आणल्या. मुक्ती मिशनमध्ये जवळपास २,००० जणी झाल्या. विणकाम, शिवण, तेलघाणा, दुग्धशाळा, शेती, छापखाना, सगळं बायका चालवत. रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतराची खिळेजुळणीही तिथल्याच बायकांनी केली. ते रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण छापून निघालं. शंभर वर्षांपूर्वी खेड्यातल्या बायका छापखाना चालवत होत्या, ही कौशल्याच्या इतिहासातली अजिबात छोटी गोष्ट नाही.

केडगावला युद्ध नव्हतं, दुष्काळ होता. तुलना तेवढ्यापुरतीच. पण पुराव्याची अडचण तीच आहे. मुक्तीबद्दलचा बराच मजकूर संस्थेनेच, देणगीदारांना कळावं म्हणून लिहिलेला आहे. त्यात सावरलेल्या मुलीची गोष्ट येणार, निघून गेलेलीची येणार नाही. म्हणून तो मजकूर खोटा ठरत नाही. तो कुणासाठी लिहिला हे लक्षात घेऊन वाचायचा असतो. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांचं रमाबाईंवरचं काम त्यासाठी जरूर वाचा. रमाबाईंचं लेखन त्या काळातल्या वादांच्या शेजारी ठेवून कसं वाचायचं, हे तिथे शिकायला मिळतं.

आणि एक. धार्मिक संस्थेचा अभ्यास करताना आपल्याकडे दोन टोकं असतात. एक भक्तीचं, ‘सेवा आहे, प्रश्न कसले विचारता?’ दुसरं संशयाचं, ‘आत काहीतरी वेगळंच चालू असणार’. संशोधकाला दोन्ही चालत नाहीत. प्रार्थना होते का, किती वेळ, सक्ती आहे का, न येणारीला वेगळी वागणूक मिळते का, हे वर्गातल्या तासांइतक्याच कोरडेपणाने नोंदवायचं. हा नियम चर्चला लावायचा तर मठाला, ट्रस्टला आणि सरकारी केंद्रालाही लावायचा.

माझं स्वतःचं मत असं झालंय: उत्तर युगांडात धर्मसंस्थांचं शांततेतलं खरं योगदान माफीच्या कायद्यासाठी धरलेल्या आग्रहात आणि मूल कडेवर घेऊन आलेल्या मुलीला दार उघडण्यात होतं. शिवणयंत्राने कमाईला हात दिला असेल. पण यंत्राचा फोटो काढता येतो, दार उघडण्याचा काढता येत नाही, म्हणून श्रेय यंत्राला मिळतं. यात नुकसान त्या संस्थांचंच होतं. उद्या देणगीदार म्हणेल, यंत्रं द्या, पाळणाघर बंद करा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता हे सगळं घोडेगावच्या किंवा ओतूरच्या शिवणक्लासला लावू या.

१. दावा तोडा. कौशल्य, कमाई, घरातला अधिकार, घरातली हिंसा हे चार वेगळे चल आहेत. ‘सक्षमीकरण’ या एका शब्दात सगळे कोंबू नका. ब्लाऊज शिवता येणं आणि शिवणीचे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवता येणं यांत बरंच अंतर आहे.

२. तुलना गट शोधा. क्लासला ३० जागा आणि ६० अर्ज असतील तर संस्थेला चिठ्ठ्या टाकून निवड करायला सुचवा, उरलेल्यांना पुढच्या बॅचला घ्या. वर्षभराने दोन्ही गटांना भेटा. पैसा लागत नाही, आधीपासून बोलून ठेवावं लागतं. ते जमलं नाही, तर ‘कारण’ हा शब्द टाळून ‘संबंध’ लिहा. प्रामाणिक छोटा निष्कर्ष फुगवलेल्या निष्कर्षापेक्षा केव्हाही चांगला.

३. ऋतू बघा. लग्नसराईत विचारलं तर शिवणकाम जोरात, पावसाळ्यात विचारलं तर थंड. नारायणगाव भागात टोमॅटोच्या तोडणीत मजुरी मिळत असताना क्लासला बसणारी बाई रोज किती गमावते, तेही हिशोबात धरा. पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांत हिरडा गोळा करण्याचे दिवस कोणते, हे न विचारता काढलेलं ‘मासिक उत्पन्न’ फसवं असतं.

४. गाव बघा. एका वाडीत आधीच चार जणी फॉल-पिको करत असतील तर पाचवीची कमाई नवी आहे की चौघींकडून सरकलेली? फक्त प्रशिक्षणार्थींना विचारून हे कळणार नाही.

५. हिंसेबद्दल विचारणार असाल तर आधी तयारी. जागतिक आरोग्य संघटनेने घरगुती हिंसेच्या अभ्यासासाठी नैतिक सूचना काढल्या आहेत, त्या वाचल्याशिवाय एकही प्रश्न विचारू नका. मुलाखत एकांतात, एका घरातून एकाच बाईची, विचारणारी प्रशिक्षित, आणि गरज पडली तर मदत कुठे मिळेल याची माहिती सोबत. सासू ओसरीवर बसलेली असताना ‘नवरा मारतो का?’ विचारलंत, तर उत्तर ‘नाही’ येईल आणि संध्याकाळी त्या बाईला त्याची किंमत मोजावी लागू शकते. तुमचा डेटाही चुकीचा, आणि तिचं नुकसानही.

६. सोडून गेलेल्यांना शोधा. क्लास अर्धवट सोडलेल्या दहा जणींच्या मुलाखती पूर्ण केलेल्या पन्नास जणींपेक्षा जास्त शिकवतात. लग्न होऊन गेली, बाळंतपण आलं, नवऱ्याने बंद केलं, एस.टी.ची वेळ जमेना. खरी कारणं तिथे सापडतात.

विंग्जच्या बायकांची कमाई दुप्पट झाली आणि नवऱ्यांची नजर थोडी अधिक कडक झाली, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. तुमच्या प्रबंधात दोन्हींना जागा असू द्या. पहिल्या वाक्यावर थांबलात तर उद्या त्याच्या आधाराने योजना आखली जाईल, यंत्रं वाटली जातील आणि दुसऱ्या वाक्यातली बाई कुणाच्याच हिशोबात येणार नाही.